शिंगाडे सरांची आरोळी

आमच्या शहरात आठवड्याला सात वार नसतात. दोनच असतात, नळाचा आणि बिननळाचा. उन्हाळ्यात पाहुणे यायचे म्हटले तरी आम्ही आधी नळाचा दिवस बघतो आणि मग त्यांना या म्हणतो. यंदा पुन्हा धरणाचा तळ दिसायला लागलाय. पेपरात भेगाळलेल्या गाळाचा फोटो आलाय आणि त्यात एक पुढारी कमरेवर हात ठेवून पाहणी करतोय. मधल्या काळात शहराचं नाव बदललं, जालना रोडवर पूल झाले, आमच्या गल्लीत माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या. नळ मात्र होता तसाच आहे, लहरी आणि उद्दाम.

परवा उजाडताना अशीच ड्रम घासून अंगणात उभी होते. पाणी यायच्या आधी नळातून नुसती हवा येते आणि तो बराच वेळ फुसफुसत राहतो. त्या आवाजाची वाट बघत उभी राहिले की माझे पाय आपोआप फाकतात, गुडघे किंचित वाकतात आणि मुठी कमरेशी जातात. शेजारच्या काकू कठड्यावरून म्हणाल्या, सकाळी सकाळी कुणाशी भांडायला निघालीस. मला हसू आलं नाही. शिंगाडे सर होळीच्या आसपास गेले. त्यांनी शिकवलेलं उभं राहणं तेवढं माझ्या अंगात उरलंय आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नाही.

शिंगाडे सर म्हणजे आमचे कराटेचे सर. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळा प्लॉट होता. मालक पुण्याला राहायचा. प्लॉटवर एक कडुनिंब, बाजूला पिठाची गिरणी आणि मागे एका शाळेची भिंत. त्या कडुनिंबाखाली सकाळी सरांचा क्लास चालायचा. सर बुटके, काळेसावळे, मानेत जाड. करमाडच्या अलीकडच्या एका खेड्यातून सायकलवर यायचे. पुण्याला कंपनीत कामाला असताना ते कराटे शिकले होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांना कुणी सेन्सेई, म्हणजे जपानीत गुरुजी, म्हणायचं नाही. आम्ही सर म्हणायचो, आमच्या आया ‘कराटेवाले सर’ म्हणायच्या आणि गिरणीवाले चाचा ‘उस्ताद’ म्हणायचे. आता मात्र सगळे सेन्सेई म्हणतात. माणूस गेला की त्याला नवी नावं चिकटवायला हरकत घेणारा कुणी उरत नाही.

मी सांगतेय तो उन्हाळा मी नववीतून दहावीत जातानाचा. तोही असाच कोरडाठाक. पाणी कधी येईल हे महापालिकेलाही ठाऊक नसायचं. ज्या दिवशी ज्याच्या भागात नळ, त्या दिवशी त्या भागातली मुलं, आणि खरं म्हणजे मुलीच, क्लासला नसायच्या. मुलगे यायचे. सरांनी हे आठवडाभर बघितलं आणि मग क्लासचं वेळापत्रकच नळावर लावलं. क्लास सुटताना ते विचारायचे, उद्या कुणाकडं पाणी. जिकडे नळ असेल तिकडच्या मुलग्यांनाही दुसऱ्या दिवशी सुट्टी. ‘बहीण पाणी भरती आन् तू इथं लाथा झाडतो, हे चालायचं नाय,’ असं ते सरळ सांगायचे. त्यावरून दोन-चार घरचे वडील चिडलेही होते.

माझ्या बाबांना मात्र वेगळीच हौस. ते एकदा क्लासवर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, सर, आमची पोरगी रोज हंडे वाहते, तिला वेगळा व्यायाम कशाला, हेच तिचं कराटे. सोबतचे लोक मान डोलवायला लागले. असलं बोलणं आपल्याकडे लगेच पसंत पडतं. सर नम्रपणे हसले आणि म्हणाले, ‘पाणी भरणं म्हंजे पाणी भरणं साहेब. त्याला कराटे म्हणू नका. नायतर तिला जन्मभर हंडेच द्याल.’ बाबा घरी येऊन दिवसभर धुसफुसत होते. मला त्या वाक्याचा अर्थ तेव्हा पुरता कळला नाही, पण माझी बाजू घेऊन कुणीतरी बोललं एवढं कळलं. त्या वयात ते पुरतं.

कराटेचा ड्रेस पांढरा असतो. दुष्काळात पांढरा ड्रेस ही चैन आहे. बोअरच्या खारट पाण्याने ते ड्रेस पिवळे पडले, मग मातीच्या रंगाचे झाले. सर म्हणायचे, धुऊ नका, झटका आणि उन्हात टाका. आमची अख्खी रांग त्या प्लॉटच्या जमिनीच्याच रंगाची दिसायची. घाम, कडुनिंबाचा गळलेला मोहोर, गिरणीतून उडून आलेलं ज्वारीचं पीठ, असा त्या सकाळींचा एक वास होता. अजून कुठे पिठाची गिरणी लागली की मी दारात थोडी रेंगाळते.

आणि सरांची आरोळी. कराटेत ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असतं. त्याला किआई म्हणतात. सगळ्या जगात हे लोक ‘कीयाऽ’ किंवा तसलंच काही ओरडतात, हे मला फार उशिरा समजलं. सरांनी आम्हाला शिकवली होती ती आरोळी अशी: हिर्र्योऽप. घशात जीभ घरंगळल्यासारखी सुरू व्हायची, छातीत मोठी व्हायची आणि ओठ मिटून एकदम संपायची. आम्ही ती जपानी समजत होतो. संदीप नावाचा आमच्यातला सगळ्यात पुढचा मुलगा, तो तर तिचा अर्थसुद्धा सांगायचा. ‘हिर्र्यो’ म्हणजे वाघ आणि ‘ओप’ म्हणजे झडप, असं त्याने कुठून काढलं होतं देव जाणे. सर ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. शाळेच्या भिंतीवर बसलेली कबुतरं त्या आरोळीला उडायची नाहीत, जागच्या जागी थिजायची. हे आम्ही रोज बघत होतो, पण बघूनही बघितलं नव्हतं.

सरांचा एक हट्ट होता. मूठ समोरच्याच्या नाकापाशी जाऊन थांबली पाहिजे. लागली तर चूक, लांब राहिली तरी चूक. ‘मारायला काय, बैलपण मारतो,’ ते म्हणायचे. आरोळी आणि थांबणं एकाच क्षणी झालं पाहिजे, आरोळीचे ओठ मिटले की मूठ असेल तिथे थांबली पाहिजे. मी चिडकी होते, अजूनही आहे. माझी मूठ थांबायची नाही. एका सकाळी मी संदीपचं नाक फोडलं. सरांनी मला रागावण्याऐवजी माझ्यासमोर स्वतःचा चेहरा धरला आणि म्हणाले, आता मार. मी ओरडले आणि मूठ त्यांच्या नाकाशी थांबली. त्यांच्या श्वासाची ऊब माझ्या बोटांना लागत होती. तेवढं एकच मला आयुष्यात नीट जमलंय.

मेच्या शेवटी बेल्टची परीक्षा होती. ही परीक्षा साधी नव्हती. कुठल्याशा मोठ्या संघटनेचे परीक्षक बाहेरून येणार होते. त्यांनी आम्हाला पास केलं तर सरांच्या क्लासला मान्यता मिळणार होती, आणि मान्यता नसेल तर आमचे बेल्ट म्हणजे नुसत्या रंगीत पट्ट्या, असं संदीपच्या वडिलांनी सगळ्या पालकांना सांगून ठेवलं होतं. सरांनी त्या दिवशी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. प्लॉटवर सडा घालायला पाणी नव्हतं, म्हणून त्यांनी पहाटे येऊन नुसता खराटा मारला होता.

परीक्षकांनी आधी आमच्या ड्रेसकडे बघून नाक मुरडलं. मग पहिली रांग उभी राहिली, पहिला ठोसा, आणि आमची आरोळी. परीक्षकांनी हात वर करून थांबवलं. ‘ये क्या है भाई? किआई है के मेंढ्या हाकताय?’ असं म्हणून ते स्वतःच मोठ्याने हसले. पालक हसले. पुढच्या रांगेतली मुलंही हसली. मी सरांकडे बघत होते. सर काहीतरी बोलतील याची मला खात्री होती, कारण बाबांना ते बोलले होते. सरांनी ओठ उघडले, मिटले आणि खाली बघितलं. परीक्षकांनी मग खरी किआई म्हणून दाखवली. संदीपने ती लगेच उचलली. एकेक करून सगळ्यांनी उचलली. माझी पाळी आली तेव्हा मी छाती भरून ‘हिर्र्योऽप’ ओरडले. पुन्हा कर म्हणाले. पुन्हा तेच ओरडले. त्यांनी मला रांगेतून बाजूला काढलं. माझी गाडी ग्रीन बेल्टवरच अडली, आजही माझ्याकडे तेवढाच आहे.

नंतर कडुनिंबाखाली सर मला म्हणाले, ‘तू कशाला आडली? त्यांचं ओरडून पास व्हायचं की.’ मला इतका संताप आला की मी पाया न पडता निघून आले. मी ज्याच्यासाठी अडले तोच मला वेड्यात काढत होता. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. सर गप्प का बसले?

पुढचं सगळं त्याच उन्हाळ्यात सुरू झालं. पुण्याच्या मालकाने प्लॉटवर बोअर घ्यायला गाडी पाठवली. दोन दिवस ते धूड जमीन फोडत होतं, आमचे ड्रेस, कडुनिंब, गिरणी सगळं पांढऱ्या भुकटीने माखलं, आणि मग एकदम पाणी लागलं. असं तसं नाही, चांगलं बांबूभर उंच उडालं. गल्ली वेडी झाली. नारळ फुटला, बाया हंडे घेऊन धावल्या, सरसुद्धा चिखलात उभे राहून मुलांच्या अंगावर पाणी उडवत होते. पाणी लागलेल्या प्लॉटची किंमत काय होते हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मालकाच्या आलं. जूनमध्ये कंपाउंड आलं, दिवाळीपर्यंत कडुनिंब गेला आणि पुढे त्या जागी चार मजले उभे राहिले. संदीपच्या वडिलांनी संदीपसाठी मान्यतावाला क्लास काढून दिला, बाकीचे तिकडे गेले. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या शहरात आमचा क्लास पाणी लागल्यामुळे गेला, हे मी कुणाला सांगितलं तर लोकांना गंमत वाटते. मला नाही वाटत.

शिकून झाल्यावर मला शेंद्र्याच्या औद्योगिक पट्ट्यात एका कंपनीत नोकरी लागली. तपासणी विभाग. पहिल्याच आठवड्यात आमची बस शेजारच्या कंपनीच्या गेटपाशी थांबली आणि खिडकीतून मला सर दिसले. निळा गणवेश, टोपी, हातात काठी. साहेबाची गाडी आली की आडवा दांडा वर करायचा आणि सलाम ठोकायचा. ती जागा पूर्वी सरांच्या गावाचं गायरान होती हे मला पुढे समजलं. मी धावत गेले, वाकून पाया पडले. ते संकोचले, टोपी काढून हातात घेतली, मग पुन्हा घातली. नंतर रोज जाता-येता नमस्कार व्हायचा. संदीपही त्या रस्त्याने जायचा, काचा वर असलेल्या गाडीतून. सर त्यालाही सलाम ठोकायचे की नाही, मी विचारलं नाही. दुसरा प्रश्न मात्र एकदा धीर करून विचारला: त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात? सरांनी माझ्यामागे बघितलं आणि म्हणाले, ‘तुझी बस चालली बघ.’ बस खरंच चालली होती. मी पळाले. पुन्हा विचारायचं राहिलं ते राहिलंच.

होळीच्या आधी सर ड्यूटीवरच छातीत कळ येऊन गेले. मी दहाव्याला त्यांच्या गावी गेले. नदी म्हणजे नुसती वाळू. विधीसाठी टँकरमधून बादलीभर पाणी काढून आणलं होतं आणि ते सांडू नये म्हणून एक बाई बादलीला हात लावून बसली होती. क्लासमधलं कुणीही तिथे नव्हतं. सरांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे आबा म्हणतात, पागोटं काढून एका बाजूला बसले होते. ते अजून मेंढरं राखतात, जी काही उरलीत ती. जेवणं झाल्यावर ते मेंढरांकडे निघाले, म्हणून मीही सोबत चालत गेले. काट्यांच्या वाड्यातून सुटलेली मेंढरं चाऱ्याच्या वासाने थेट जालना रोडकडे धावली. रस्त्यावर ट्रक सुसाट. आबा पळाले नाहीत, काठीही उगारली नाही. त्यांनी जागेवर उभं राहून छाती भरली आणि आरोळी दिली. हिर्र्योऽप.

मेंढरं जागच्या जागी थिजली. मीही थिजले. माझे पाय फाकले होते, मुठी कमरेशी होत्या. आबांनी माझ्याकडे बघितलं.

‘तुला बी शिकवलं का खंडूनं?’ त्यांनी विचारलं. खंडू म्हणजे सर. मग म्हणाले, ही आमच्या बापाची हाक. मेंढरू विहिरीकडं, रस्त्याकडं निघालं की त्याला थांबवायची. हाकायची नाही, थांबवायची. पुण्यात कराटे शिकवणाऱ्या उस्तादानं खंडूला सांगितलं होतं म्हणे, जे पोटातून येतं ते ओरड, आणि खंडूच्या पोटात दुसरं काही नव्हतं.

मी त्यांना परीक्षेचा दिवस सांगितला. परीक्षक काय म्हणाले, सगळे कसे हसले, सर कसे गप्प राहिले. आबा रस्त्याकडे बघत ऐकत होते.

‘काय बोलनार व्हता त्यो?’ ते म्हणाले. ‘व्हय म्हनावं तर तुमच्या मायबापांनी पोरी धाडल्या नसत्या धनगराकडं. नाय म्हनावं तर सोत्ताचा बाप खोटा पडतो. मंग गप ऱ्हायला.’

इतकी वर्षं मी सरांवर रागावून होते. तो राग तिथे त्या रस्त्याच्या कडेला संपला असं मी म्हणणार नाही. राग संपत नसतो, त्याचा पत्ता बदलतो. हसणाऱ्यांमध्ये माझे बाबाही होते.

शहरातली शोकसभा आत्ता, मेमध्ये झाली. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा होत्या आणि एप्रिलमध्ये लग्नांमुळे हॉल मिळत नव्हता, म्हणून शोक सुट्टीपर्यंत पुढे ढकलण्यात आला. हॉल थंडगार. प्रत्येक खुर्चीवर पाण्याची छोटी बाटली. व्यासपीठावर सरांचा फोटो, त्यात त्यांनी कधीच न घातलेला ब्लॅक बेल्ट संगणकावर चढवलेला. संदीपच्या क्लासच्या आता शहरभर शाखा आहेत. तो बोलायला उभा राहिला. सेन्सेई हे मराठवाड्यातल्या कराटेचे भीष्म पितामह होते, म्हणाला. अस्सल जपानी परंपरा त्यांनी या मातीत रुजवली, म्हणाला. मला वाटतं तो हे मनापासून बोलत होता, तेच जास्त वाईट. मग पांढऱ्याशुभ्र ड्रेसमधल्या मुलांनी प्रात्यक्षिक केलं. ‘कीयाऽ’ हॉलभर घुमलं. आबांना शाल आणि नारळ दिला. ते पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते, थंडीने आखडलेले.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. संदीपने आधीच फोन करून विनंती केली होती की जुने मतभेद काढू नकोस. मी मतभेद काढले नाहीत. मी एवढंच सांगितलं की सर धनगराचे होते, त्यांनी आपल्याला शिकवलेली आरोळी जपानी नव्हती, त्यांच्या वडिलांची मेंढरं थांबवायची हाक होती, आणि परीक्षेच्या दिवशी आपण तिला हसलो. सभागृहात कुणीतरी खोकलं. संदीपने घड्याळ बघितलं. मग मी पाय फाकले, मुठी कमरेशी नेल्या आणि ओरडले. हिर्र्योऽप. ध्वनिक्षेपक किंचाळला. मागच्या रांगेतून एक मुलगा फिसकन हसला आणि मग, काय करावं हे न कळल्यामुळे असेल, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालक म्हणाले, वा, एक वेगळीच आठवण, आणि पुढचं नाव पुकारलं.

आबा तेवढे उभे राहिले होते. शाल खांद्यावरून घसरली होती आणि ते हॉलच्या दाराकडे बघत होते, काहीतरी निसटून बाहेर पळालंय की काय अशा नजरेने. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते सावकाश खाली बसले.

सभा संपल्यावर सगळे चहाकडे गेले. आबा रिकाम्या खुर्च्यांमधून फिरत होते. लोकांनी दोन घोट पिऊन टाकून दिलेल्या बाटल्या ते एकेक उचलून त्या मानाच्या शालीत ठेवत होते. गावात टँकर परवा यायचा होता. मीही वाकून उचलायला लागले. थोड्या वेळाने मी म्हटलं, आबा, माझ्यामुळे तुम्हाला मघाशी एकदम उठावं लागलं.

‘हाक आली म्हनून उठलो,’ ते म्हणाले. एका बाटलीचं झाकण त्यांनी घट्ट लावलं आणि ती शालीत नीट आडवी ठेवली. ‘पर पोरी, ती हाक उगं देऊ नाय. इथं कोन थांबनार व्हतं?’